शेठचं पनीर आणि मोरव्याच्या घारी

आकाश कोणाच्याही मालकीचं नसतं. हे वाक्य मी आयुष्यभर वेगवेगळ्या गंभीर पुस्तकांत वाचत आलो आणि दर वेळी मला ते पटलं. ग्रंथालयाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोरव्याच्या मिठागरांवर विमानं उडवायला जाऊ लागलो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की मालक आहेत. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या थोडं वरपर्यंतचं आकाश टिटवीचं. तिथून विजेच्या तारांपर्यंत कोतवालाचं. तारांच्या वर घारीचं. कावळ्यांच्या नावावर काहीच नाही, पण वाद कुठेही सुरू झाला की ते हजर असतात.

विमानं म्हणजे अर्थातच खेळण्यातली. फोमची, हाताच्या पंज्याएवढ्या बॅटरीवर चालणारी, रिमोटने उडणारी. 'खेळण्यातली' हा शब्द आमच्या अध्यक्षांना खपत नाही. आम्ही सगळे मिळून सहा जण, त्यातले चार जण रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, पण अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि निवृत्तीनंतर त्यांच्या सहीला काम उरलं नव्हतं. त्यांनी आमचं मंडळ केलं, नियमावली लिहिली, प्रत्येकाच्या छातीला लावायला पंखांचं चिन्ह असलेले बिल्ले करून आणले. दर रविवारी सकाळी सात वाजता ते रुमाल वर धरून वारा बघत आणि घोषणा करत, "उड्डाणास परवानगी आहे." ती परवानगी कोण देतंय हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. एकदा मी पोलीस चौकीत खरोखरच चौकशी केली होती. हवालदाराने विचारलं, "कॅमेरा आहे का त्याला?" मी म्हटलं, नाही. "मग उडवता कशाला?" असं म्हणून त्याने विषय संपवला.

मोरवा गाव संपलं की जुनी मिठागरं लागतात. आता तिथे मीठ पिकत नाही. पावसाळ्यानंतर ती वाळतात आणि तळ फरशीसारखा कडक होतो, तोच आमचा विमानतळ. एका बाजूला तिवरं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला दरवर्षी थोड्या पुढे सरकलेल्या इमारती, आणि त्यांच्या अलीकडे एक मोबाइल टॉवर. गावाकडच्या बांधाला लागून एक मावशी जाळं पसरून त्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घालायची. हातात बांबूची काठी, डोक्यावर पदर, आणि आमच्याबद्दलचं मत चेहऱ्यावर स्पष्ट. पहिल्या दिवशी तिने अध्यक्षांना विचारलं होतं, "पोराबालांचा खेल घेऊन आलाव, पोरं कुठं हायत?"

या सगळ्यांत ज्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे ते म्हणजे शेठ.

शेठ मूळचे सौराष्ट्राकडचे, पण जन्म भाईंदरचा. स्टेशनजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान. पत्नी गेली आणि वर्षभराच्या आत मुलांनी दुकानात काचा लावल्या, एसी लावला आणि वडिलांना सांगितलं, "पप्पा, अब आप आराम करो." हे वाक्य प्रेमाने म्हटलं गेलं होतं. तरी शेठ ते सांगताना असे थांबत, की जणू कोणी त्यांना गाडीतून उतरवून गाडी पुढे नेली होती. वर्षभर त्यांनी आराम केला. मग एके दिवशी ते मोरव्याला कुणाकडे तरी लग्नपत्रिका द्यायला आले, आमची विमानं पाहिली, स्कूटर बांधावर लावली आणि तीन तास तिथेच उभे राहिले. पत्रिका खिशात तशीच.

त्यांनी घेतला तो ग्लायडर. पांढराशुभ्र, लांब पंखांचा, नाकाशी छोटी मोटर. हाताने पुढे फेकायचा, मोटरने वर न्यायचा, मग मोटर बंद करायची की पुढचा पंखा मिटून नाकाला चिकटतो आणि विमान नुसतं तरंगत राहतं. आम्ही आवाज करत गोल गोल फिरायचो, तेव्हा शेठ उन्हात डोळे बारीक करून त्या तरंगणाऱ्या पांढऱ्या रेषेकडे बघत बसायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडाची जी ठेवण व्हायची ती मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर फक्त देवळात पाहिली आहे, आणि तिथेही क्वचित.

पण ग्लायडर घेण्याआधी ते उपाश्रयात, जैन साधूंच्या मुक्कामी, जाऊन नियम घेऊन आले होते. आम्हाला त्यांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला, म्हणजे नंतर कुणी गैरसमज करून घेऊ नये.

"मोटर फिरते. हवेत जीव असतात. छोटेमोटे तर दिसत पण नाहीत, त्याची माफी रोज मागतो. पण ज्या दिवशी माझ्या विमानाने कुठल्या पक्ष्याला, जनावराला लागलं, त्या दिवशी विमान बंद. कायमचं. महाराजसाहेबांसमोर नियम घेतलाय."

"चुकून लागलं तर?" अध्यक्षांनी विचारलं. बँकेत त्यांनी कुठलाही नियम अपवादाशिवाय पाहिला नसावा.

"चुकून लागलं तरी ज्याला लागतं त्याला तेवढंच लागतं ना, साहेब?"

मी नियम वगैरे न मानणारा माणूस आहे. पण शेठचा नियम ऐकताना मला तो मानावासा वाटला, कारण त्यात ते स्वतःचंच एकमेव सुख तारण ठेवत होते आणि त्याचं भाषण करत नव्हते. चातुर्मासात ते उडवत नसत. आम्हीही उडवत नसू, पण आम्ही पावसामुळे. त्यामुळे पुण्य एकट्या शेठना मिळत असावं.

आता पक्ष्यांचं. टिटवीचा बंदोबस्त सोपा असतो: तिने उघड्यावर अंडी घातली की माणसाने तिथून निघून जायचं. कोतवाल मागे लागतो, दोनचार शिव्या देतो आणि तारेवर परत जाऊन बसतो. घारीचं तसं नाही. थंडी सरता सरता टॉवरवर घारींच्या जोडीने घरटं बांधलं, आणि त्यानंतर शेठचा ग्लायडर वर गेला की एक घार मागून यायची, पंख किंचित आवळून, पाय पुढे काढून. आमच्या गुरगुरणाऱ्या विमानांना त्या जरा बिचकायच्या. ग्लायडर शांत आणि स्वतःच पक्ष्यासारखा. त्याच्यावर त्यांचा विशेष राग.

जाणकार सांगतात, घार मागे लागली की खाली येऊ नये, वर जावं. ती वरून झडप घालते, वर चढताना तिला कष्ट पडतात. पण वर जायचं तर मोटर चालू करायला हवी, आणि मोटर चालू म्हणजे फिरता पंखा. शेठ ती कधीच चालू करत नसत. उलट घार दिसताच बटणावरून बोट काढून घेत आणि मिळेल त्या दिशेने ग्लायडर उतरवत. कधी चिखलात, कधी तिवरांत, एकदा मावशीच्या जवळ्यावर.

"ए शेठ! ह्यो तुजा मासा माज्या जवल्यात कशाला?"

"माफ करो, बेन."

"माफ करते. पन ह्येला वास लागंल हां आता."

वास लागला होता. शेठनी तो पंख घरी नेण्याआधी नळावर तीनदा धुतला, आणि तरीही पुढचे काही दिवस तो गॅलरीतच ठेवला.

अध्यक्षांनी 'पक्षी धोरण' तयार केलं. दोन पानी होतं. त्यात 'आक्रमक पक्षी आढळल्यास सदस्याने संयम राखावा' असं एक कलम होतं. घारींना प्रत देण्याची तरतूद नव्हती.

शेठनी मात्र वेगळा विचार केला. भाईंदरच्या खाडीवर थंडीत समुद्रपक्षी येतात आणि लोक त्यांना गाठिया टाकतात; पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, मुलं खूश, गाठियावाले खूश. शेठ लहानपणापासून ते बघत आले होते. खाऊ घातलेला जीव वैर धरत नाही, यावर त्यांचा साधा, जुना विश्वास होता. एका रविवारी ते गाठिया घेऊन आले. घारींनी ढुंकून पाहिलं नाही. कावळ्यांनी पाहिलं.

"शेठ, घार मांस खाते," मी म्हटलं.

"ते तर मी देऊ शकत नाही."

"मग सोडा."

"पण ताकद तर पाहिजे ना तिला. घरात पिल्लं आहेत." त्यांनी उरलेले गाठिया कावळ्यांकडे टाकले. "पनीरमध्ये पण ताकद असते."

मी हसलो. पुढच्या रविवारी शेठ स्टीलच्या डब्यात पनीरचे चौकोनी तुकडे घेऊन आले, आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, आणि त्यांनी एक तुकडा उंच फेकला. घारीने वरून पाहिलं, एक चक्कर मारली, दुसरी मारली. तिसऱ्या तुकड्याला ती खाली आली, पायाने झेलला, आणि उडता उडताच मान वाकवून चाखला. पक्ष्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसू शकत नाही असं म्हणतात. म्हणू देत.

त्यानंतरचे काही आठवडे मंडळाच्या इतिहासातले सुवर्णकाळाचे. शेठ यायचे, डबा उघडायचे, पनीर फेकायचे. आधी एक जोडी यायची, मग चार घारी, मग सात-आठ. डबा संपला की शेठ हात पुसून ग्लायडर उचलायचे आणि उडवायचे. पोट भरलेल्या घारी टॉवरवर जाऊन बसायच्या. हल्ले थांबले. अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहिलं की पक्षी धोरण यशस्वी ठरलं.

तक्रार एकटीचीच होती. "शेठ, तुजे पावने वाढले," मावशी काठी आपटत म्हणायची. "तुज्याकडं जेवतात आनि हात धुवायला माज्याकडं येतात. जवला ठेवत न्हायत."

"बेन, मी त्यांना सांगतो."

"सांग, सांग. गुजरातीत सांग, माजी भाषा त्यांना कलत न्हाय."

मग तो रविवार आला. घरी पाहुणे होते म्हणून शेठच्या सुनेने पनीर कमी दिलं होतं. सात-आठ घारी आणि पाचच तुकडे. शेठनी डबा उलटा करून दाखवला, जणू त्या हिशेब बघणार होत्या, आणि नेहमीप्रमाणे हात पुसून ग्लायडर उचलला. दोन पावलं पुढे धावले आणि फेकला.

ग्लायडर दहा-बारा मीटरही वर गेला नसेल. टॉवरकडून एक घार सरळ आली. या वेळी मागून नाही, समोरून. तिच्या येण्यात रागाचा लवलेश नव्हता; जेवायला हाक आल्यासारखी ती आली. शेठनी मोटर बंद केली, ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण पंखा मिटायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पंख, फोम आणि पिसं यांचा एकच गोळा झाला आणि तो तसाच गरगरत तिवरांच्या कडेला बांधावर पडला.

आम्ही सगळे धावलो. शेठ सगळ्यांच्या पुढे. त्या वयात ते इतके धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा घार ग्लायडरवर उभी राहून त्याचा पंख चोचीने उकलत होती. फोमचे पांढरे तुकडे काढायची, तपासायची, टाकून द्यायची. आम्ही जवळ गेल्यावर ती उडाली. आणि उडताना तिचा डावा पाय खाली लोंबत होता. घारी उडताना पाय शेपटीखाली घेतात. हिचा एकच आत गेला. दुसरा दोरीसारखा हलत राहिला, तिवरांवरून टॉवरपर्यंत.

शेठ खाली बसले. ग्लायडरकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्याच्या पुढच्या पंख्याला एक तपकिरी पीस अडकलं होतं, ते त्यांनी सोडवून हातात घेतलं आणि बराच वेळ तसेच बसले.

तेव्हा मला कळलं की काय झालं होतं. दोन महिने शेठ त्याच जागी उभे राहून, त्याच हाताने पांढऱ्या वस्तू हवेत फेकत होते आणि घारी त्या झेलत होत्या. मग त्यांनी आणखी एक पांढरी वस्तू फेकली. जरा मोठी. घारीच्या जागी मी असतो तर मलाही तो शेठचा मोठेपणाच वाटला असता. हे मी त्यांना सांगावं की नाही ते मला ठरवता येईना. पण त्यांना ते माझ्याआधीच समजलं होतं.

"मीच बोलावलं तिला," ते म्हणाले. "दर रविवारी बोलावलं. आज पंखा फिरवला."

गळ्यातला रिमोट त्यांनी काढला, पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही ठेवा. घरी राहिला तर मन होईल."

पुढच्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. ते गॅलरीत बसलेले असत. गॅलरी मोठी, समोर दुसरी इमारत, मध्ये बोटभर आकाश. पहिल्या वेळी त्यांनी मला चहा पाजला आणि नव्या प्रेशर कुकरच्या झाकणांत काय खोट असते ते सांगितलं. दुसऱ्या वेळी तेही सांगितलं नाही. सून स्वयंपाकघराच्या दारात मला हळूच म्हणाली, "अंकल, पप्पा रात को खाना नहीं खाते अब, ठीक है, वो तो पहले भी नहीं खाते थे. लेकिन अब सुबह भी बोलते हैं, भूख नहीं." पक्ष्यांच्या दवाखान्यात शेठनी माणूस पाठवला होता. ते लोक टॉवरखाली येऊन, दुर्बिणीने बघून गेले. घार घरट्यात आहे, उडते आहे, पकडता येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. शेठनी विचारलं, पाय? पाय लोंबतोय, असं उत्तर आलं.

अध्यक्षांनी या सगळ्यातून जे करायचं तेच केलं. त्यांनी समारंभ ठरवला. 'एका सदस्याचा अहिंसेसाठी त्याग' असा विषय. मी विरोध केला. म्हटलं, माणूस दुःखात आहे, त्याचा सत्कार कशाला? अध्यक्ष म्हणाले, "दुःखाची दखल नको घ्यायला?" शाल आली, श्रीफळ आलं, घडीची खुर्ची आली. शेठ येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, नाहीतर दुकानातून तरी कसे उठले असते.

रविवार, सकाळचे आठ. मिठागराच्या मधोमध खुर्चीत शेठ, अंगावर शाल, मांडीवर नारळ. आम्ही चौघे हात बांधून, माना खाली घालून उभे. अध्यक्ष कागदावरून बोलत होते. "ज्यांनी आकाशाचा मोह सोडला..." असं काहीसं. डोक्यावर घारी आणि कावळे जमलेले, कारण शेठ आले म्हणजे डबा आला, हा त्यांचा समज. त्या गोल गोल फिरत खाली खाली येत होत्या आणि अध्यक्ष दर वाक्याला वर बघत होते.

मावशी काठी घेऊन तरातरा आली. जवळ आल्यावर थबकली. शाल, नारळ, आमच्या माना, वरचे कावळे असं सगळं तिने नीट पाहून घेतलं, आणि आवाज उतरवून मला विचारलं, "कोनाचं दहावं हाय?"

"दहावं नाही, मावशी. सत्कार आहे."

"मंग तोंडं अशी का?"

मी तिला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. शेठचं विमान घारीला लागलं, तिचा पाय मोडला, शेठनी नियम घेतला होता, म्हणून आता ते कधीच उडवणार नाहीत.

"कंची घार? टावरवरची? जिचं शेपटीत एक पीस कमी हाय ती?"

"तीच असावी."

"तिचा पाय?" मावशी मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने की अध्यक्ष थांबले. "तिचा पाय ह्येन मोडला? आरं, तो पाय पयलेपासून तसाच हाय!"

शेठनी मान वर केली.

"पयलेपासून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तुमी कोनी हितं येत नव्हताव तवापासून. संक्रांतीला पोरांचा मांजा अडकला व्हता तिला. हितंच, ह्या तिवरांत उलटी लटकली व्हती. मी आनि माजे सुनेन कापला. पाय गेला तो गेलाच. एका पायावर झेलते बघ सगलं. तुजं ते पांढरं पन एका पायावरच झेलते, शेठ. दोन म्हयने खायला घालतंय आनि पाय न्हाय बघितला?"

खरंच कोणी बघितला नव्हता. शेठ पनीर बघत होते, आम्ही विमानं बघत होतो, अध्यक्ष धोरण बघत होते.

शेठ खुर्चीतून उठले. "बेन, पक्का? तीच आहे?"

"ह्ये बघ." मावशीने उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. नखाच्या खाली जुना, पांढरा पडलेला वण होता. "सोडवत व्हते तर चावली मला. उपकार हाय का तिला? तीच ती. तिला मी विसरीन व्हय?"

शेठनी तो अंगठा पाहिला. मग पुन्हा विचारलं, पक्का? मावशीने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली. "आता काय घारीला साक्षीला आनू?"

घार तोवर आमच्या डोक्यावरूनच गेली, डावा पाय लोंबत. तिच्या उडण्यात काही दुखणं वगैरे दिसत नव्हतं; सवय दिसत होती. शेठ तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं, तर अध्यक्षही दुसरीकडे बघत होते, आणि हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. त्या क्षणी मला ते प्रथमच आवडले.

मग शेठनी अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली आणि वाकून नमस्कार केला. "हे तुमचं आहे, बेन. जीव तुम्ही वाचवला."

मावशी दोन पावलं मागे सरली. "उन्हात शाल कुठं घेऊ? नारल दे." नारळ तिने काखेत मारला आणि मुद्द्यावर आली. "आनि आता ह्ये खायला घालनं बंद कर. माजा जवला खातात."

इथे नवी अडचण निघाली. शेठ खाली बघून म्हणाले की ते बंद करता येणार नाही. एखाद्याला नेमाने खाऊ घालून मग तोंडचा घास काढून घ्यायचा, त्याचा दोष लागतो. त्यांच्याकडे त्याला अंतराय म्हणतात. खाऊ घातलं तर घार विमानावर येणार, नाही घातलं तर दोष. अध्यक्षांनी समिती नेमायची सूचना केली.

मावशीने कपाळावर हात मारला. "आरं, मंग आदी उडव आनि मंग खायला घाल! कामाचे आदी मजुरी कोन देते का? उतरला का मंग दे. आनि खाडीचे बाजूला फेक, माज्याकडं नको."

आम्हा सहा सुशिक्षित माणसांना हे सुचलं नव्हतं. इतिवृत्तात ही सूचना अध्यक्षांच्या नावावर आहे.

ग्लायडरचा फाटलेला पंख मी आणि शेठनी त्यांच्या गॅलरीत बसून चिकटवला. वर पांढऱ्याऐवजी लाल पट्ट्या मारल्या, पनीर लाल नसतं म्हणून. रिमोट मी परत दिला. पहिल्या दिवशी ग्लायडर फेकायला त्यांनी मला सांगितलं, स्वतःचा हात पाठीमागे लपवला. घारी आल्या, गोंधळल्या, वर जाऊन घिरट्या घालू लागल्या. विमान उतरलं, शेठ डबा घेऊन खाडीच्या बांधावर गेले आणि तिथे जेवणं झाली. घारींना हे समजायला पाच रविवार लागले. माणसाला एवढ्यात बँकेचा नवा फॉर्म कळत नाही.

आता शेठ विमान वर नेतात तेव्हा घारी खाडीच्या बांधावर ओळीने बसून राहतात आणि ते खाली येण्याची वाट बघतात. लंगडी सगळ्यात पुढे, एका पायावर. शेठ पुन्हा सकाळी जेवतात, असं सून सांगते. गरम हवेचा झोत सापडला तर त्यांचा ग्लायडर मोटरशिवाय तासभरही वर राहू शकतो. पण वीस मिनिटं झाली की घारी ओरडायला लागतात, आणि शेठ उतरतात.